सगुणाची सांडणी आणि बयाजीची बंद गाडी

डांबरी रस्ता जिथे संपतो आणि पुढे नुसती लाल मातीची वाट डोंगर चढू लागते, अशा घाटमाथ्यावरच्या एका गावात सगुणा कोकरे नावाची पशुसखी राहत होती. वर रानात विखुरलेल्या धनगरवाड्यांवरच्या म्हशींना औषधपाणी करायचं, लस टोचायची, अडलेली म्हैस सोडवायची, हे तिचं काम. जीप त्या वाटेला जात नाही. चालत जावं, तर पेटीतला बर्फ वितळतो आणि लस वाया जाते. म्हणून सगुणाने एक मोटरसायकल घेतली होती.

घेतली म्हणजे जुनीच घेतली. शहरातल्या कुणा हौशी माणसाने डोंगर हिंडायला ती परदेशी बनावटीची गाडी आणली आणि हौस फिटल्यावर विकून टाकली. गाडी मोठी गुणी. डांबरावर पळायची आणि दगडधोंड्यांतूनही चढायची. सीट मात्र इतकी उंच की गावाने तिचं नाव सांडणी, म्हणजे उंटीण, ठेवलं. सगुणा पहिल्यांदा पदर खोचून तिच्यावर चढली, तेव्हा पारावरची मंडळी पोट धरून हसली. पुढे म्हैस अडली की हीच मंडळी "सगुणाताई, सांडणी काढा" म्हणत धापा टाकत यायची. मग कुणी हसत नसे.

अशा गाडीवर बसणं सोपं, तिला जगवणं अवघड. ते मॉडेल निघायचं कधीच बंद झालं होतं आणि त्याचे सुटे भाग कुठल्याच दुकानात नव्हते. सगुणाने त्याचं रडगाणं गायलं नाही. दर फेरीनंतर ती स्पंजाचा एअर फिल्टर रॉकेलात धुवायची, सावलीत वाळवायची आणि तेलाचा हात देऊन परत बसवायची. चेनवरचा चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायची. क्लचची केबल सायकलवाल्याकडून बनवून घ्यायची. ब्रेकचे लायनर दुसऱ्याच गाडीचे, कानशीने घासून बसवलेले. ऑइल सील गेलं तर तालुक्याच्या दुकानात ती गाडीचं नाव सांगायचीच नाही. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी, एवढंच सांगायची. दुकानदार पाण्याच्या पंपाचं सील काढून द्यायचा आणि ते सांडणीला चपखल बसायचं. घरच्या माणसालासुद्धा इतकं जपणारे थोडेच असतात.

एका वर्षी उन्हाळा सरत आला होता. पाऊस लागला की म्हशींना घटसर्प होतो. गळा सुजतो आणि धट्टीकट्टी म्हैस दोन दिवसांत जाते. पावसाच्या आधी लस टोचली तरच जनावर वाचतं. जनावरांच्या दवाखान्यातून लस आली. सगुणा सकाळी निघायला म्हणून अंगणात आली, किक मारली आणि सांडणी काही बोलेना.

सगुणाने प्लग बदलला. वायरी तपासल्या. कॉइल तपासली. शेवटी तिचा हात सीटखालच्या काळ्या डबीवर येऊन थांबला. प्लगला ठिणगी पाठवणारी ती डबी, तिला सीडीआय म्हणतात. ती आतून जळली होती. ती उघडता येत नाही की दुरुस्त होत नाही. सगुणा तालुक्याला गेली, तेव्हा दुकानदाराने हात टेकले.

"ताई, हिचं माप देऊन नाही भागायचं," तो म्हणाला. "भंगारात घाला ही गाडी आणि चांगली स्कूटर घ्या."

"स्कूटर वाड्यावर चढेल का?"

दुकानदार ओशाळला. मग त्याला एकदम आठवलं. घाटाखालच्या एका गावात बयाजी शेलार नावाच्या मधपाळाकडे अगदी अशीच गाडी होती. बरीच वर्षं बंद पडून होती. सगुणाने तशीच खालची एसटी धरली.

बयाजी म्हणजे सत्तरी गाठलेला, काटक, बोलका माणूस. एके काळी तो त्या गाडीवरून लांबलांबच्या रानात ठेवलेल्या मधाच्या पेट्या सांभाळत हिंडायचा. गाडी बंद पडली आणि त्याचं रान आटून परसापुरतं उरलं. सगुणाने येण्याचं कारण सांगताच त्याने गोठ्याचं दार उघडलं. कडब्याच्या पेंढ्यांआड गाडी उभी होती. सांडणीची जुळी बहीणच ती.

"मिस्त्री आला हुता. लांबूनच बघून म्हणला, इंजिन बसलं, मेली गाडी," बयाजी म्हणाला. "भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. त्याच्या आधी तुला काय लागंल ते काढून न्हे, पोरी. मुक्या जनावराच्या कामी येतीय, तर बरंच हाय."

सगुणाचा जीव भांड्यात पडला. पण डबी चालू आहे की नाही हे पाहूनच न्यायला हवी होती. तिने प्लग बाहेर काढला, इंजिनच्या डोक्यावर टेकवला आणि हाताने किक दाबली. निळीशार ठिणगी उडाली. डबी ठणठणीत होती. सगुणाचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. कारण किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली होती. इंजिन बसलेलं असतं, तर ती जागची हललीच नसती.

तिने प्लगच्या भोकावर अंगठा धरून पुन्हा किक दाबली. आतल्या हवेने अंगठा उडवून लावला. इंजिनात दम होता. ही गाडी मेलेली नव्हती.

बयाजी चहा सांगायला आत गेला होता. गोठ्यात सगुणा एकटीच. हातात पाना, समोर डबीचे बोल्ट. तिच्या डोळ्यांपुढे धनगरवाडे उभे राहिले. एका वाड्यावर सखूबाईची एकच म्हैस होती आणि त्या म्हशीवर सगळं घर होतं. तिचं मन तिला समजावू लागलं, 'तू काही चोरत नाहीस. त्यांनी आपणहून दिलीय. उद्या भंगारवाला हिचे तुकडेच करणार. म्हशी वाचवायला निघालीस, स्वतःसाठी थोडीच नेतेयस?' प्रत्येक शब्द खरा होता. फक्त बयाजीला जे ठाऊक नव्हतं, ते तिला ठाऊक झालं होतं. सगुणाने पाना खाली ठेवला. डोळ्यांत आलेलं पाणी तिने पदराने पुसलं.

"आबा," तिने हाक मारली, "तुमची गाडी जिवंत आहे. ही मोडू नका."

बयाजी चहाचा कप घेऊन दारातच थबकला. "आन् तुझी डबी?"

"बघीन दुसरीकडे." दुसरीकडे कुठेही नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

मग तिने ती गाडी का बंद पडली ते शोधायला घेतलं. जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर साफ केला, शेजाऱ्याच्या गाडीतून थोडं ताजं पेट्रोल मागून आणलं. प्लग जागेवर बसवून किक मारली. गाडी नुसती उसासा टाकायची आणि गप्प व्हायची. सगुणाने सायलेन्सरच्या तोंडात तार घातली. तार थोडी आत गेली आणि अडली. टोकाला वाळलेली माती लागली. कुंभारमाशीने गाडीच्या धुराड्यात आपलं मातीचं घर बांधून दार लिंपून टाकलं होतं. एवढ्याशा माशीने एवढं धूड आडवं केलं होतं, आणि माणसांनी इंजिनाच्या नावाने बोटं मोडली होती. सगुणाने सायलेन्सर उतरवून माती फोडून काढली, परत चढवला आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी धडधडली. गोठ्यातली कोंबडी ओरडत माळ्यावर गेली. बयाजी गाडीच्या टाकीवर हात ठेवून लहान मुलासारखा हसत राहिला.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "डबी न्हेऊ नगंस."

"नाही नेत, आबा."

"आगं, ऐक तर. डबी न्हेलीस तर ही मरंल. तू गाडीच घिऊन जा. म्हशी टोच, मग आणून दे. इतकी वर्सं परसातल्याच पेट्या राखल्या, अजून पंधरा दिवस राखीन. रानातल्या माश्या काय माझ्यावाचून उपाशी मराय लागल्यात?"

सगुणा त्याच गाडीवरून घाट चढली. दुसऱ्या दिवसापासून ती वाड्यावाड्यावर हिंडली. चढण चढली, ओढे ओलांडले, पाय टेकायलाही वेळ नव्हता. शेवटच्या वाड्यावर सखूबाईच्या म्हशीला सुई टोचली, तेव्हा पेटीत बर्फाचा खडा शिल्लक होता. त्या पावसाळ्यात खोऱ्यात घटसर्प आला. पण सगुणाने लस टोचलेल्या वाड्यांवर एकही दावं रिकामं झालं नाही.

इकडे सगुणाच्या मनात दुसरंच काही घोळत होतं. ठरलेल्या दिवसाच्या आधी तिने बयाजीला फोन करून विचारलं, "आबा, तुमच्या गाडीवर दुसऱ्या गाड्यांच्या डब्या लावून बघू का? थोडे दिवस जादा लागतील." तो म्हणाला, "बघ की."

तिने दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या केल्या. इथल्या साध्या मोटरसायकलींच्या जुन्या डब्या तालुक्यातून गोळा करून आणल्या. कुठली वायर कुठे जाते हे बंद गाडीवर कळत नाही. ते कळायला चालणारी गाडीच समोर लागते. एक डबी लावली, तर गाडी फटफट करून बंद पडली. दुसरीने ठिणगीच दिली नाही. असं करता करता एक डबी लागू पडली आणि गाडी एका सुरात चालू लागली. बयाजीच्या गाडीला तिची मूळ डबी परत बसवून तिने तीच जोडणी सांडणीवर केली. सांडणी गुरगुरली. ती डबी कुठल्याही दुकानात मिळणारी होती. बयाजीची गाडी मोडली असती तर एक डबी हाती लागली असती, आणि ती जळल्यावर पुन्हा तेच रडणं आलं असतं.

या गडबडीत सांगितलेला दिवस टळून गेला. घाटाखाली बयाजीच्या गावची मंडळी त्याला छेडू लागली.

"म्हाताऱ्या, चालती गाडी अनोळखी बाईच्या हाती दिलीस," एकजण म्हणाला. "आता बस वाट बघत."

बयाजी मधाची पेटी धुरावत होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"तिला गाडी ठिवायचीच असती, तर मेली म्हणूनच न्हेली असती," तो म्हणाला. "जिती हाय म्हणून सांगाय कशाला बसली असती?"

थोड्याच दिवसांत घाटाच्या उतारावरून गाडीचा आवाज आला. सगुणा बयाजीची गाडी परत घेऊन आली होती.

तात्पर्य: आपलं काम कितीही चांगलं आणि कितीही निकडीचं असलं, तरी समोरच्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीचा फायदा घेऊन ते उरकू नये, खरं सांगितल्याने हात घटकाभर रिकामा राहतो, पण माणसाचा विश्वास मिळतो, आणि विश्वास मिळाला की अडलेली कामं मार्गी लागतात.