चव बघायला आलेले चाळीस

तालुक्यात आमदारकीची निवडणूक लागली. उमेदवार ठरवायला दोन्ही पक्षांनी आपापल्या कार्यकर्त्यांचं मतदान घेतलं; आले ते बहुतेक कडवेच. दोन्हीकडे पिण्याच्या पाण्याविषयी शांतपणे बोलणारे पडले आणि समोरच्यांचे हातपाय तोडायची भाषा करणारे निवडून आले. बाजारपेठेतली दुकानं दिवस मावळायच्या आत बंद होऊ लागली.

त्यातल्या एका पक्षाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी गावजेवण घातलं. पंगतीत एक म्हातारा म्हणाला, "ह्या दोघांतला एकही नको वाटतो, साहेब."

तात्यासाहेब हसले. "निवडायचं तुमच्याच हातात आहे. आम्ही कुणावर जबरदस्ती केली?"

तेवढ्यात केरबा आचाऱ्यानं रस्सा वाढला. पहिल्याच घासाला तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबानं दुसऱ्या हंड्यातला वाढला. तो त्याहून जहाल निघाला.

"एवढं तिखट करायला सांगितलं कुणी?" ते ओरडले.

"तुमचीच पद्धत वापरली, साहेब. चव बघायला या म्हणून सकाळी गावाला सांगितलं. आले चाळीस, सगळे तिखटाचे शौकीन. बेताच्या तिखटाचा हंडा त्यांनी गटारात ओतायला लावला. राहिलेल्या दोनांतला कुठला घ्यायचा, ते तुमच्याच हातात आहे."

तात्यासाहेब डोळे पुसत म्हणाले, "फेकून दे हे. नवा रस्सा कर."

"करतो की, तासाभरात होईल," केरबा म्हणाला. "त्या दोघांतला एक मात्र आम्हाला पाच वर्षं गिळायचाय."