काचेमागची टकटक

"मग चूक कुणाची, तेवढं सांगा उस्ताद. पुढच्याची का मागच्याची?"

टँकरबुवा आपल्या कफनीच्या बाहीला किती भोकं पडलीत ते मोजत होते. तिसऱ्या भोकातून त्यांनी बोट बाहेर काढलं आणि त्याच बोटानं आनंदा शेलारला बसायची खूण केली.

आनंदा बसला नाही. सरकारी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, त्यातून अंगात इस्त्रीचा कपडा. मठीतल्या पोत्यावर बसला असता तर मागं साखर कारखान्याचा शिक्का उठला असता.

बुवांना हे नाव कसं पडलं ते घाटात कुणीही सांगेल. सव्वीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर या घाटातून खाली नेला. एके दिवशी टँकर डेअरीच्या फाटकात उभा केला, किल्ली वॉचमनच्या हातावर ठेवली आणि चालत वर येऊन वळणावरच्या या पत्र्याच्या मठीत बसले, ते बसलेच. लोक म्हणाले, वैराग्य. बायको म्हणाली, आळस. बुवांनी दोघांनाही हो म्हटलं. कुणी मोक्षाची वाट विचारायला आला, तर ते आधी त्याच्या गाडीच्या टायरमधली हवा बघायचे. निम्मे लोक तेवढ्यावरच समाधानानं परत जायचे.

आनंदा मोक्षवाल्यांपैकी नव्हता. अठराव्या वर्षी त्यानं स्टेअरिंगला पहिला हात लावला तो टँकरमध्ये, बुवांच्या शेजारी बसून. 'पुढं बघ. मागचं मागं राहू दे,' हा बुवांचा पहिला धडा. तो त्यानं असा गिरवला, की आज या घाटात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. निदान तो स्वतः तसं सगळ्यांना सांगायचा, उस्तादांनाही.

"आज गाडी घेऊन कसा?" बुवांनी विचारलं.

"सर्व्हिसिंगहून परत नेतोय. ब्रेक नवे टाकलेत."

"आणि ड्रायव्हर जुनाच?"

"आम्हाला आता पायलट म्हणतात."

"असं का. मग विमान नीट कडेला लावलंस ना? एस.टी.ला वळण पुरत नाही."

आनंदानं तिकडं दुर्लक्ष केलं. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"उद्या साहेबांपुढं चौकशी आहे. हा माझा जबाब. जरा अंगारा लावून द्या."

"वाच आधी."

"'मी सड्यावरच्या धनगरवाड्यावरून पेशंट घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात बेचाळीस मिनिटांत पोचलो. पोचलो तेव्हा पेशंटला सलाईन लावलेलं नव्हतं.' खाली सही."

"दोनच वाक्यं?"

"दोन्ही खरी आहेत."

"असणार. खोटं सांगायचं असतं तर पानभर लिहिलं असतंस."

पत्र्यावरून एक माकड धाडधाड पळत गेलं. बुवांनी मान वर केली, त्याला रस्ता दिल्यासारखा हात हलवला, आणि विचारलं, "पेशंट कोण होता?"

"ठकू ढेबे. बावीस वर्षांची. वाड्यावरच बाळंत झाली. मुलगा झाला, चांगला रडलाबिडला. पण हिचं रक्त थांबेना..."

"मग?"

"दवाखान्याच्या दारात गेली. स्ट्रेचर खाली घेता घेता."

बुवांनी बाहीच्या भोकातलं बोट काढून घेतलं.

आनंदा थोडा वेळ बुटाकडं बघत राहिला. मग त्याचा आवाज चढला.

"उस्ताद, तासाचा रस्ता आहे तो. मी बेचाळीस मिनिटांत मारला. आजवर कुणी मारलेला नाही. अन् मागं ती कालची पोरगी, डॉक्टर तेजल वाघमोडे. बेचाळीस मिनिटांत तिला एक सुई टोचता आली नाही. एक सुई."

"तिनं काय लिहून दिलंय?"

"'शीर सापडली नाही.' बास. स्वतःच कबूल झाली."

"तुझ्याबद्दल?"

"काही नाही."

"एक शब्दही नाही?"

"नाही म्हटलं ना. लिहिणार काय? गाडीत खोट नव्हती."

"उद्या तिचं काय होईल?"

"कंत्राटावर आहे. घरी बसवतील..." आनंदा अडखळला. "पण त्याला मी काय करू? आमची वाटणी पहिल्याच दिवशी झालेली. मागून म्हणाली, 'ड्रायव्हर, जरा सावकाश.' मी गाडी उभी केली, खाली उतरलो, मागचं दार उघडलं आणि सांगितलं. मॅडम, पुढचं माझं, मागचं तुमचं. मी तुमच्या सुईत बोट घालणार नाही, तुम्ही माझ्या स्टेअरिंगमध्ये तोंड घालू नका. आणि मधली सरकती काच लावून टाकली. तिची कडी पुढं आहे, माझ्या बाजूला. दोन महिने झाले उस्ताद, एकदा भांडण नाही."

"बोलणं?"

"बोलणं पण नाही. म्हणून तर भांडण नाही."

"नवराबायकोत असतं तसलं शहाणपण," बुवा म्हणाले. "त्या दिवशी पण काच बंद?"

"बंदच. ती बडवत होती म्हणा मागून. म्हणजे, लवकर चला, लवकर चला. मी आणखी दाबली. आता याहून जास्त माणसानं काय करायचं?"

आनंदानं कागद पुढं धरला. बुवांचा हात अंगाऱ्याच्या वाटीकडं गेला... आणि वाटी ओलांडून पलीकडच्या डबीकडं गेला. डबीतून त्यांनी सुई काढली. दोऱ्याचं रीळ काढलं.

"अंगारा लावतो. आधी एवढी सुई ओवून दे. मला दिसत नाही."

"आणा."

"इथं नको. गाडीत मागं बस. खालच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन येऊ. बरेच दिवस झाले, हातात गाडी नाही."

"सुईचं भोक दिसत नाही म्हणता, आणि घाट दिसेल?"

"घाट त्याच्यापेक्षा मोठा आहे."

उस्तादांना नाही म्हणायची सवय आनंदाला नव्हती. नवे ब्रेकही दाखवायचे होते. त्यानं किल्ली दिली.

अकरा वर्षांत आनंदा या गाडीत मागं बसला नव्हता. पुसायला चढायचा, स्ट्रेचर ओढायला चढायचा, पण बसला नव्हता. बाकड्यावर टेकून त्यानं सुई डाव्या हातात धरली, दोऱ्याचं टोक ओलं केलं. पुढं बुवांनी सरकती काच ओढली. खट्... कडी लागली. मग म्हाताऱ्याला काय लहर आली कोण जाणे, त्यानं सायरनही लावला.

पहिल्या वळणावर आनंदाचा खांदा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर आदळला.

दुसऱ्या वळणावर स्ट्रेचरचा दांडा गुडघ्यात बसला.

दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा तर थेट आनंदाच्या नाकात गेला. तिसऱ्या वळणाला सुई अंगठ्यात घुसली आणि इस्त्रीच्या कपड्यावर रक्ताचा थेंब पडला.

"उस्ताद, हळू."

सायरननं ते गिळून टाकलं.

आनंदानं काचेवर टकटक केली.

आरशात बुवांचे डोळे दिसले. ते खुशीत हसले. मान डोलावली. आणि गाडी उताराला अशी सुटली, की दोऱ्याचं रीळ हातातून उडून स्ट्रेचरखाली गेलं.

आनंदानं मुठीनं काच वाजवली. गाडी आणखी जोरात गेली. त्यानं तळहात आपटला. आणखी जोरात. सुईचं आता कुणाला पडलं होतं... एका हातानं वरचा बार धरून, दुसऱ्या हातानं तो नुसता काच बडवत राहिला.

खालच्या मोरीवर गाडी थांबली. सायरन बंद झाला.

आनंदा मागच्या दारातून उतरला तो दाराला धरूनच. तोंड पिवळं पडलं होतं.

"जीव गेला असता की माझा. इतका वेळ काच वाजवतोय, ऐकू आली नाही का तुम्हाला?"

"आली की."

"मग?"

"मला वाटलं, लवकर चल म्हणतोयस."

मोरीखालून पाणी वाहत होतं. वरून एक जीप हॉर्न देत गेली. तिच्या पाठोपाठ एक मोटारसायकल गेली...

आनंदा हळूहळू मागं वळला. उघड्या दारातून त्यानं आत पाहिलं. काचेवर त्याच्याच तळव्याचे घामट ठसे उठले होते. एकावर एक, खाली खाली घसरत गेलेले.

त्या दिवशीही होते. दवाखान्यामागच्या नळावर गाडी धुताना त्यानं ते पाहिले होते. त्याच काचेवर, आतल्या बाजूनं, पण लाल. त्यानंच ते फडक्यानं पुसले होते. पुसता पुसता म्हणालाही होता, बाईला साधं धरून बसता येत नाही, सगळी गाडी माखून ठेवली.

तेजल वाघमोडे तेव्हा तिथंच पायरीवर बसली होती. तिनं ऐकलं होतं. बोलली काहीच नव्हती.

"टेकाडाच्या वळणापासून वाजवत होती," आनंदा म्हणाला. "थेट खालच्या पुलापर्यंत. मग थांबली. मला वाटलं... बरं झालं, मॅडमचं काम झालं."

बुवा मोरीच्या कठड्यावर बसले.

"दोन मिनिटं गाडी उभी हवी होती तिला, उस्ताद. फक्त दोन मिनिटं."

"हं."

"वाचली असती का ठकू?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग. तुला आता ते कधीच कळणार नाही."

आनंदानं अंगठा तोंडात घातला. रक्त कधीच थांबलं होतं, तरी तो चोखतच राहिला. मग त्यानं कागद काढला, बॉनेटवर पसरला आणि पेनाचं टोपण दातानं ओढलं. लिहायला फार वेळ लागला. शाळेत निबंधाला एवढा वेळ लावला असता तर पोरगा पुढं गेला असता. लिहून झाल्यावर त्यानं कागद बुवांपुढं धरला.

"दिसत नाही म्हटलं ना. वाच."

आनंदानं घसा खाकरला. "'पेशंटला सलाईन लावलेलं नव्हतं. मागून काच वाजत होती. कडी माझ्या बाजूला होती. मी ती उघडली नाही.'"

"आता घरी तुला बसवतील."

"बसवू देत."

"विमान जाईल."

"जाऊ दे, उस्ताद."

त्यानं कागदाची घडी घातली. अंगाऱ्याचं नाव काढलं नाही. शर्टाच्या कॉलरमागं टोचून ठेवलेली सुई काढून बुवांच्या हातात दिली. दोरा तिच्यात अजून नव्हताच.

बुवा सुई बोटांत फिरवत बसले. इतका वेळ त्यांच्या तोंडावर जी चेष्टा होती, ती कुठं गेली कळलं नाही. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले.

आनंदा त्यांच्या शेजारी कठड्यावर बसला. इस्त्रीची आठवणही त्याला राहिली नव्हती. बऱ्याच वेळानं, कुणावर ठपका नाही, कुणाकडं तक्रार नाही, असं तो खालच्या पाण्याकडं बघत म्हणाला,

"पण उस्ताद, तुम्हीच शिकवलं होतं ना... पुढं बघ. मागचं मागं राहू दे."

"शिकवलं होतं," बुवा म्हणाले.

त्यांनी सुई डोळ्यांजवळ नेली. भोक शोधलं. सापडलं नाही.

"मी तुला टँकर शिकवला, आनंदा... दूध काच वाजवत नाही."