बुरूडआळीची शंभर घरं

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या काळी, एका नदीकाठच्या राज्यात महापूर आला. टोपल्या विणणाऱ्यांची अख्खी बुरूडआळी वाहून गेली. शंभर कुटुंबं उघड्यावर आली.

राजाने कारभाऱ्याला सांगितलं, "यांना घरं बांधून द्या. कोठारात असेल ते सामान घ्या."

कोठारात सामान बेताचंच होतं. म्हातारा गवंडी म्हणाला, "एवढ्यात साठ घरं होतील. जाड भिंतींची, उंच जोत्याची. उरलेली चाळीस पुढच्या वर्षी. तोवर दाटीवाटीनं राहतील बिचारे."

"आणि त्या चाळीस घरच्यांना मी काय तोंड दाखवू?" कारभारी म्हणाला.

त्याला त्यांची कणव होती, हे खोटं नाही. राजाला शंभराचा आकडा सांगायची हौसही होती. मग भिंती पातळ झाल्या, जोती बुटकी राहिली आणि दसऱ्याच्या आत शंभर घरं उभी राहिली. कारभाऱ्याचा सत्कार झाला.

त्या राज्यात एक रीत होती. ज्याने घरं बांधवली, त्याने तीन पावसाळे सरल्यावर तिथे जेवायला जायचं. त्याप्रमाणे कारभारी बुरूडआळीत गेला. एका म्हातारीने त्याला भाकरी वाढली. प्रत्येक भिंतीला बाहेरून बांबूचे टेकू लावलेले होते.

"आजी, शंभरच्या शंभर घरं उभी आहेत की," तो समाधानाने म्हणाला.

"उभी आहेत, धनी. दर पावसाळ्यात भिंत खचते, आम्ही टेकू लावतो."

"पण आळीत कुणी टोपल्या विणताना दिसलं नाही?"

म्हातारीने दारातून टेकडीकडे बोट दाखवलं. टेकडी बोडकी झाली होती.

"आमचं बांबूचं बन टेकूंना गेलं. आता टोपल्या कशाच्या विणायच्या? माझे दोन्ही लेक उद्या परमुलखात निघालेत. तुमच्या घरात मी एकटीच राहीन."

कारभारी अर्ध्या जेवणावरून उठला. तो तसाच राजाकडे गेला. "महाराज, तो सत्कार परत घ्या. मी त्यांना छप्पर दिलं आणि त्यांच्या पोटावर पाय दिला."

गवंड्याला पुन्हा बोलावलं. जाड भिंतींची घरं एकेक करून उभी राहिली, टेकडीवर बांबू लावला. पण बन वाढायला वर्षं लागली. म्हातारी दारात बसून वाट पाहायची. तिचा एक लेक परतला, दुसरा आलाच नाही.

तात्पर्य: घर बांधताना आज किती डोकी झाकली जातील हे पाहावं, आणि ते घर उद्या कशाच्या जिवावर उभं राहील हेही तोलावं.