जकात नाक्यावरचे साहेब

"मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा ना, शाबाबा."

शाबाबा चुलीत काटकी सरकवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कमी आहे असं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणत नाही, तेच तर! 'तुमचा अनुभव फार मोठा आहे' म्हणतात. 'कळवतो' म्हणतात. आणि कळवत नाहीत."

"असे किती झाले?"

"एकेचाळीस."

शाबाबांनी चहाचं भगुनं चुलीवर ठेवलं आणि फुंकर घातली.

मुकुंद खांबेटे म्हणजे साधासुधा माणूस नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं. पंपांच्या एका मोठ्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरभरती त्यांच्या हातात होती. कोणाला घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ते ठरवत. माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याचं पाणी आपण जोखतो, अशी त्यांची ख्याती होती. ती बरीचशी त्यांनीच पसरवलेली होती.

मग कारखाना विकला गेला. नवे मालक आपली माणसं घेऊन आले आणि खांबेटे बाहेर पडले. त्याला आता चौदा महिने झाले होते.

घरी कोणी नव्हतं. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तरीही ते रोज सातच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालत, डबा भरत, प्रमाणपत्रांची निळी फाईल काखेत मारत आणि निघत. कोणासाठी? तर गेटवरच्या वॉचमनसाठी. तो रोज हात वर करून "निघाले का साहेब?" म्हणायचा. दिवसभरात त्यांच्याशी आपणहून बोलणारा तो एकटाच होता, आणि खांबेट्यांना ते एक वाक्य गमवायचं नव्हतं.

पण निघून जायचं कुठे? महिनाभर ते इथे येत होते. गावाबाहेरच्या जुन्या जकात नाक्यासमोर एका पिराची कबर होती. तिच्यामागे लिंबाचं झाड आणि झाडाखाली शाबाबा फकिराची खोली. जकात बंद होऊन वर्षं लोटली, नाव मात्र टिकलं. आता त्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहत. ठेकेदार टेम्पो घेऊन येत, हवे तेवढे गडी उचलत आणि जात. खांबेटे झाडाखाली बसून हा बाजार बघत आणि मनातल्या मनात नावं ठेवत. ना अर्ज, ना मुलाखत! ही काय भरती झाली?

महिन्याभरात शाबाबांनी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तू कोण, इथे का बसतोस. खांबेट्यांना ते सुरुवातीला बरं वाटलं. नंतर लागलं.

आज न राहवून त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं होतं.

"शाबाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"मग?"

शाबाबांनी चहा गाळला. एक कप त्यांच्यापुढे ठेवला.

"बेटा, मेजाच्या अलीकडं तू किती वर्षं बसलास?"

"बावीस."

"आणि पलीकडं?"

खांबेटे विचारात पडले. पहिली नोकरी मामांच्या ओळखीनं लागली होती. आताचे एकेचाळीस जण कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलले होते, तेही बहुतेक दुसरीकडे बघत.

"तसा... कधीच नाही."

"नाक्यावर जा. दहापर्यंत उभा राहा."

"मी? त्या बिगाऱ्यांत?"

खोलीच्या कोपऱ्यात थाप्या, रंधे, रंगाचे ब्रश रचून ठेवले होते. ते शाबाबांनी नीट लावायला घेतले.

"ही कोणाची हत्यारं?" खांबेट्यांनी विचारलं. विषय बदलायला, दुसरं काय.

"काल ज्यांना कोणी नेलं नाही त्यांची. आठच्या आत येऊन नेतील."

"मग इथं का?"

"कामावरचा गडी हत्यार कामावर ठेवून घरी जातो. हत्यार हातात घेऊन घरी गेला, की दारातच पोरांना कळतं."

खांबेट्यांनी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. आणि काय वाटलं कोण जाणे, फाईल उचलून ते निघाले.

* * *

नाक्याची एक रीत आहे. तिथे कोणी कोणाला 'तुम्ही काय करता' विचारत नाही. ज्याच्या हातात थापी तो गवंडी, ब्रश असेल तो रंगारी, आणि मोकळ्या हातांचा तो बिगारी. हात पाहायचे आणि बोलवायचं.

खांबेट्यांच्या हातात होती फाईल. आता नाक्यावर फाईल घेऊन कोण येतं? घर बांधायला काढलेला मालक, नाहीतर नकाशा घेतलेला ठेकेदार!

ते फुटपाथवर जागा शोधताहेत तोवर दहा-बारा जणांनी त्यांना गराडा घातला.

"साहेब, किती मानसं?"

"साहेब, फरशी हाय का?"

"साहेब, मला घ्या, कालपन ऱ्हायलो बघा."

एकाच दमात इतके 'साहेब' त्यांनी चौदा महिन्यांत ऐकले नव्हते. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मान ताठ झाली. 'अहो, मीही तुमच्यासारखाच उभा राहायला आलोय' हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"एकेकानं बोला," ते म्हणाले. जुना आवाज! तो अजून शाबूत आहे हे ऐकून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

समोर एक म्हातारासा गवंडी होता. साठीचा असेल. सिमेंटनं पांढुरकी पडलेली बोटं, हातात थापी.

"नाव?"

"लहानू पाखरे."

"तुमचं सगळ्यात चांगलं काय, सांगा."

"आं? ...भिंत सरळ उतरती."

"आणि उणीव?"

"पाय दुकत्यात."

मागचे हसले. लहानूही हसला. खांबेटे हसले नाहीत, मुलाखतीत ते कधीच हसत नसत.

"कामात खंड पडला होता का कधी?"

लहानूचं हसू विझलं. "पडला की. दोन वर्सं. घरची मालकीन अंथरुनाला खिळली हुती. तिचं समदं मलाच करावं लागायचं. ती गेली, मग आलो परत."

अर्जात मध्ये वर्षं रिकामी दिसली, की खांबेटे कोपऱ्यात पेन्सिलीनं रेघ मारत आणि अर्ज डाव्या हाताच्या गठ्ठ्यात टाकत. तो गठ्ठा पुन्हा कोणी उघडत नसे. बावीस वर्षांत अशा किती रेघा मारल्या, ते त्यांना आठवेना. आज हाताशी पेन्सिल नव्हती.

"तुम्ही या," ते म्हणाले.

"मी?"

"हो. तुम्हीच."

लहानूनं थापी पिशवीत टाकली आणि त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. बाकीचे पांगले.

पुढे काय करायचं, हे खांबेट्यांना ठाऊक नव्हतं. काम कुठून आणणार? सांगू, आत्ता सांगू, असं म्हणत ते घड्याळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ठेकेदारानं खिडकीतून डोकं काढलं.

"ए लहानू! चल, बस. शाळेचं प्लास्टर हाय, चांगलं पंधरा दिवसांचं."

लहानूनं एकदा टेम्पोकडे पाहिलं. एकदा खांबेट्यांकडे.

"न्हाई मालक. आज साहेबांनी धरलंय."

नाक्यावर एकाला हो म्हटलं, की त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची कोणाला गरजही वाटत नाही.

"बघ हां. मग दुसरा नेतो."

"न्या."

त्या वेळी खांबेट्यांनी एक शब्द उच्चारायचा होता. एकच. तो टेम्पो पाच-सहा श्वास तिथेच उभा होता, आणि खांबेटे मूग गिळून फाईलवरची धूळ झटकत राहिले. टेम्पो दुसऱ्या गवंड्याला घेऊन गेला.

दहा वाजले. नाका रिकामा झाला. रस्त्यावर विड्यांची थोटकं आणि हे दोघं.

"साहेब," लहानू म्हणाला, "जायाचं कुटं?"

खांबेटे रस्ता ओलांडून पिराकडे चालू लागले. लहानू मागोमाग आला. पिराच्या पडक्या कुंपणाचं काम असेल, असं त्याला वाटलं असावं. येता येता तो भिंतीवर हात फिरवून पाहत होता. "गिलावा पार सुटलाय बघा," तो म्हणाला.

* * *

शाबाबा झाडाखाली बसले होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या गोधडीला टाका घालू लागले.

"शाबाबा..." खांबेटे म्हणाले.

"मला काय सांगतोस?"

खांबेटे वळले. बावीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना नकार दिला होता. पत्रानं दिला, हाताखालच्या माणसाकडून दिला. कोणाच्या डोळ्यांत बघून द्यायची वेळ कधी आली नव्हती.

"पाखरे, माझ्याकडे काम नाही."

"म्हंजी? आज न्हाई व्हय?"

"आजही नाही. उद्याही नाही. माझ्याकडे काही बांधकामच नाही."

लहानूनं फाईलकडे बोट केलं.

"आन् ह्यात? नकाशा न्हवं?"

खांबेट्यांनी फाईल उघडून दाखवली. "माझी प्रमाणपत्रं आहेत. मी... मी तिथे काम शोधायलाच उभा होतो."

"पंधरा दिसाचं काम गेलं की ओ माझं!" लहानूचा आवाज चढला. "त्यो हाका मारत हुता, तवा तोंड शिवलं हुतं का तुमचं?"

"हो."

खांबेट्यांचा हात खिशाकडे गेला. ते पाहून लहानू एक पाऊल मागे सरला.

"ऱ्हाऊ द्या. काम न करता कसली मजुरी."

लिंबाची पानं गळत होती...

"किती दिस झाले घरी हाय?" लहानूनं मग विचारलं.

"चौदा महिने."

"घरी कोन?"

"कोणी नाही."

लहानूनं जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. राग अजून त्याच्या चेहऱ्यावर होता, पण आवाजातून उतरला होता.

"मग तवाच सांगायचं न्हाई का? सरकलो असतो की जरा. नाका काय माज्या बापाचा हाय?"

त्यानं पिशवीतून थापी काढली, खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, "नात बघती लगेच," असं शाबाबांना पुटपुटला आणि गेला. खांबेट्यांचा निरोप त्यानं घेतला नाही.

खांबेटे झाडाखाली बसले. कारखान्यातून निघाले तेव्हा ते रडले नव्हते. बायकोच्या तेराव्यालाही लोकांसमोर डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. आत्ता एका अनोळखी गवंड्यानं 'सरकलो असतो' म्हटलं, आणि त्यांना हुंदका आवरेना.

शाबाबांनी त्यांना रडू दिलं. दोरा संपला, तो दातानं तोडला.

"शाबाबा," खांबेटे तोंड पुसत म्हणाले, "उद्या पुन्हा उभा राहू?"

"राहा."

"आठला जातो."

"सहाला जा."

"सहाला? आठशिवाय एक टेम्पो येत नाही, शाबाबा. सहा वाजता तिथं नुसते मजूर गप्पा मारत असतात, माणसं निवडायला कोणीसुद्धा नसतं."

शाबाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

"म्हणून तर सहाला."