मांडवाबाहेरचा नायक

"तिनं थांबायला नको होतं का, बाबा?"

हणमंता पाय आपटतच मठाच्या अंगणात शिरला. रंगनाथबाबा विहिरीपाशी बसून भांडी घासत होते.

"कुणी रे?"

"त्या मालिकेतल्या पोरीनं! आज शेवटचा भाग होता."

खाली फाट्यावरच्या चहाच्या टपरीत दुपारी टीव्ही चालू असतो. उद्या सकाळी ज्याला दीक्षा घ्यायची, तो हा पठ्ठ्या चहाच्या निमित्तानं रोज तिथं जाऊन बसायचा. आणि मालिका तरी कसली! दोन वर्षं ती दोघं नुसती एकमेकांकडं बघतायत, आणि मागं बासरी. एवढं दळण दळून शेवटी काय, तर पोरीचं लग्न भलत्याशीच.

"बस जरा," बाबा म्हणाले.

हणमंता कसला बसतोय! विहिरीभोवती येरझाऱ्या घालायला लागला.

"आणि तो ठोंब्या! मांडवाबाहेर नुसता उभा. तिनं एकदा बघितलं त्याच्याकडं, आणि सरळ दुसऱ्याच्या गळ्यात माळ घातली. असला शेवट असतो होय? डोकं फिरलंय माझं."

"तो कुठं होता इतके दिवस?"

"शेवटचे सहा महिने शहरात. नोकरीला."

"तिला सांगून गेला होता?"

"नाही... पण प्रेम होतं ना! तिला कळायला नको?"

"हं." बाबांनी घासलेला तांब्या पालथा घातला. "वनिताला कळलं होतं?"

हणमंता थबकला.

वनिता त्याच्या शेजारघरची. लहानपणापासून दोघांचा एकमेकांवर जीव. एका पहाटे तो घर सोडून मठात आला, तेव्हा तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. बाबांना मात्र आल्या आल्या सगळं सांगितलं होतं, मोठा त्याग केल्याच्या ऐटीत.

"माझं वेगळं आहे," तो फणकारला. "मी देवासाठी आलो."

"बरं."

"खरंच वेगळं आहे, बाबा!"

"मी कुठं नाही म्हणतोय?"

पुन्हा येरझाऱ्या. मग आपल्याशीच बोलल्यासारखा तो म्हणाला,

"आई आली होती तेव्हा सांगत होती. वनिता अजून आलेली स्थळं परतवते म्हणे... आता मी काय तिला थांब म्हणून सांगितलं होतं?"

"नाही सांगितलंस."

"तेच तर!"

"आणि थांबू नको, असं?"

हणमंता मटकन विहिरीच्या कठड्यावर बसला. त्याला रडूच फुटलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं, बाबा? आणि आता वेळ तरी कुठाय? उद्या तर दीक्षा..."

बाबा उठले. ओसरीवर उद्यासाठीचं भगवं वस्त्र घडी करून ठेवलं होतं, कोरं करकरीत. त्यांनी ते उचलून आणलं आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवलं.

"अहो बाबा! काय करताय? सकाळी नेसायचंय ते मला!"

बाबांनी ते न पिळताच दोरीवर टाकलं. पाणी गळायला लागलं.

"ओलं आहे रे," ते म्हणाले. "वाळेपर्यंत गावी जाऊन ये."