पहिल्या हाकेला ओ

गारमाचीला थंडीत येणाऱ्या पाहुण्यांची एक तक्रार ठरलेली असते: इथली माणसं आगाऊ आहेत. संध्याकाळी रस्त्यानं हिंडत असावं, बरोबरचा माणूस चार पावलं पुढं जाऊन धुईत दिसेनासा व्हावा, म्हणून त्याला साधी हाक मारावी, तर आजूबाजूच्या घरांतून धडाधड "ओ" येते. नाव तुमच्या माणसाचं आणि ओ देणारे भलतेच. कुणाला ही थट्टा वाटते, कुणी चिडतंही. चिडू नका. थंडीच्या दिवसांत या गावात कुणाचीही हाक रिकामी जाऊ देत नाहीत, आणि त्यामागं एका बाईचं दुःख आहे.

गाव तुम्ही पाहिलंतच. डोंगराच्या धारेवर एकच रस्ता, वरच्या अंगाला घरं, खालच्या अंगाला कडा. पौषात दिवस कलला की दरीतून धुई वर चढते आणि स्वतःचा हात दिसू देत नाही. गावाबाहेर रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट घरांकडं येते, दुसरी सरळ कड्याच्या टोकावर जाते. उजेडी शेंबडं पोरही तिथं चुकायचं नाही, धुईत मात्र भलेभले चुकतात.

पूर्वी इथं उलटीच रीत होती, असं सांगतात. धुईत हाक आली तर ओ द्यायची नाही. धुईत चकवा हिंडतो, माणसाच्या आवाजात हाक मारतो, आणि ओ दिली की ओढून नेतो. त्याला तिसरी हाक मात्र मारता येत नाही म्हणे. म्हणून तिसरी हाक येईपर्यंत गप्प राहायचं आणि मगच तोंड उघडायचं. आणखी एक गोष्ट म्हातारी माणसं बजावून सांगायची. आपण ज्याच्यासाठी झुरत असतो, चकवा नेमका त्याचाच आवाज काढतो.

त्या काळी या गावात गोजरा नावाची सून होती. माहेर घाटाखाली कोकणात. लग्नात मानपानावरून बिनसलं, आणि तेव्हापासून तिचं माहेर तुटलं ते तुटलंच. दळताना, पाणी भरताना तिच्या डोळ्यांपुढं एकच माणूस असायचा, तिचा धाकटा भाऊ म्हादू. तिचा नवरा मिठाच्या बैलांबरोबर घाटावर-घाटाखाली करायचा. एका थंडीत त्यानं निरोप आणला की म्हादू भोगीला येतोय, बहिणीला माहेरी न्यायला. गोजराला काय करू आणि काय नको असं झालं. नवरा पुन्हा बैलांमागं निघून गेला. भोगीच्या दिवशी तिनं तीळ लावून भाकरी थापल्या, आणि सारखी आत-बाहेर करत राहिली.

दिवस कलला, धुई चढली, आणि फाट्याच्या अंगानं हाक आली, "गोजे!"

सासरी तिला कुणी गोजे म्हणत नव्हतं. ती उठलीच होती, तोच सासूनं, ठकूबाईनं, तिचं मनगट धरलं.

"तोंड उघडू नकोस गं. तिसरी येऊ दे."

ठकूबाई काही वाईट बाई नव्हती. तिचा दीर असाच एका हाकेसरशी धुईत गेला होता आणि परत आला नव्हता. गोजरा जागीच थांबली. आवाज हुबेहूब म्हादूचा होता, आणि त्याचाच तिला धसका बसला. दुसरी हाक आली, पण जरा लांबून. रस्त्यावरच्या साऱ्या घरांनी ती ऐकली आणि सारी घरं गप्प राहिली. मग काहीच ऐकू आलं नाही. तिसरी हाक आली नाही तेव्हा गोजराला हायसं वाटलं म्हणे. त्या हायसं वाटण्यानं तिला पुढं जन्मभर जाळलं.

सकाळी म्हादू कड्याखाली सापडला. काखेतल्या गाठोड्यात बहिणीसाठी आणलेलं लुगडं होतं.

गोजरा रडली नाही, भांडली नाही. तिनं सासूशी बोलणं तेवढं टाकलं. चूल एक, दोघींचं जेवण एक, पण शब्द नाही. अशा कितीतरी थंड्या गेल्या. ठकूबाईला दिसेनासं झालं. एका पौषात शेळी घरी आली नाही म्हणून म्हातारी चाचपडत तिला शोधायला गेली, आणि धुईनं तिला बाहेरच गाठलं.

हाक आली, "गोजरे!"

गोजरा चुलीपुढं बसली होती. हा चकवा नाही, हे तिला तत्क्षणी कळलं. कारण या आवाजासाठी ती झुरत नव्हती. ती उठली नाही. गप्प बसली असती तर गावात तिला कुणी बोल लावला नसता, रीत होतीच सांगायला. दुसरी हाक आली, जरा लांबून. मग मात्र तिच्यानं राहवेना. तिनं दार उघडलं आणि रस्त्यानं धावत सुटली.

"ओ, आत्याबाई! हाय तिथं थांबा!"

ओ देत देत ती फाट्याच्या पुढं, कड्याच्या वाटेवर पोचली आणि म्हातारीचा हात धरला. परतीच्या वाटेवर ठकूबाईनं विचारलं, "पयली हाक ऐकू आली न्हवती का गं?"

"आली हुती," गोजरा म्हणाली.

म्हातारी तिच्या हाताला धरून चालत राहिली. घरी येऊन उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. दुसऱ्या दिवशी धुईत कुणाची तरी हाक आली, तेव्हा साऱ्या गावाआधी तिनंच ओ दिली. शेजारीपाजारी धावून आले, तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, नेलं तर मला नेईल, माझं काय राहिलंय. तिला कुणी नेलं नाही. हळूहळू गावानं तिचं पाहून ओ द्यायला सुरुवात केली.

दोघी कधीच गेल्या. आजही पौषात इथं आधी ओ देतात आणि कोण, कुठला हे मागनं विचारतात. भोगीच्या संध्याकाळी गावातल्या बायका रस्त्यानं चालत फाट्यापर्यंत जातात, कड्याकडं तोंड करून उभ्या राहतात आणि एकदाच, मोठ्यानं ओ देतात. कुणी हाक मारलेली नसते.