हलक्या वाऱ्यातली जोडहोडी

फार फार पूर्वी, एका खाडीच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. तिथल्या होड्या जोडीच्या. दोन अरुंद होड्या आडव्या बांबूंनी एकमेकींना बांधायच्या, मध्ये शीड उभारायचं, झाली जोडहोडी.

वर्षातून एकदा या जोडहोड्यांची शर्यत लागे. जो जिंकेल त्याने वर्षभर खाडीच्या तोंडाशी जाळं लावायचं. बाकीच्यांनी लांब, बेटापलीकडे जायचं.

पण कुणाची होडी जड, कुणाची हलकी. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. पाटील पाण्यावर तळाला भोक असलेली वाटी सोडायचा. सर्वांत जड होडी आधी निघे. वाटी बुडली की पहिलीपेक्षा हलकी होडी, पुन्हा बुडली की त्याहून हलकी. मग शर्यत होड्यांची उरत नसे, बसणाऱ्यांची होई.

त्या वर्षी मथुरा नावाची तरुण कोळीण शर्यतीत उतरली. नवऱ्याचा पाय मोडलेला, मूल अंगावर पिणारं. बेटापलीकडे जायचं तर मूल दिवसभर उपाशी राहणार. खाडीच्या तोंडाशी जागा मिळाली, तर मध्येच घरी येऊन त्याला पाजता येणार.

तिची होडी सर्वांत हलकी, म्हणून ती सर्वांत शेवटी.

“पाटीलबुवा, वाटी अडकली का?” तिने तिसऱ्यांदा विचारलं.

“वाटीला भोक एकच आहे, मुली. तुझ्या घाईने दुसरं पडायचं नाही.”

अखेर ती निघाली. बरोबर सासू. वारा म्हणाल तर नावापुरता. मथुरेने शिडाची दोरी ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. या होडीतून त्या होडीत गेली. ती हलली की होडी हले, आणि शिडात जमलेला इवलासा वारा निघून जाई.

“वारा सांडतेस तू,” सासू म्हणाली. “सुकाणू दोरीने बांध आणि पुढे येऊन बस माझ्याजवळ.”

“आणि करू काय?”

“बस म्हटलं ना. तेच करायचंय.”

मथुरा बसली. वजन पुढे आलं तशी होडीची मागची बाजू उचलली गेली आणि होडी आवाज न करता सरकू लागली. एक होडी मागे पडली, मग दुसरी. शेवटी सर्वांत आधी निघालेली म्हातारा-म्हातारीची जड होडीही मागे पडली. समोर उरला फक्त खडकावर रोवलेला बांबू. त्याला हात लावला की शर्यत संपली.

आता काहीच करायचं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला जमेना. मागून कोणी येतंय का? शिडाआडून दिसत नव्हतं. हसू नका तिला. शांत झोपलेल्या बाळाचा श्वास चालू आहे ना, हे बघायला आपण त्याच्या नाकाशी बोट नेतो आणि ते जागं होतं. मी तर रोज नेते.

“जरा मागे बघून येते, आत्याबाई.”

“आहेत तिथे आहेत ते. बस.”

पण मथुरा उठली. चार पावलं मागे गेली. होडीची मागची बाजू पाण्यात बसली, शीड एकदा फडफडलं आणि लोंबकळलं. होडी थांबली. तेवढ्यात शेजारून म्हातारा-म्हातारी सरकत गेले, दोघं दगडासारखे बसलेले.

“मागे काय शोधतेस, मथुरे?” म्हातारी मान न हलवता म्हणाली. “आम्ही इकडे आहोत.”

बांबूला म्हातारीचा हात आधी लागला. मथुरेची होडी दोन हात मागे होती.

सासू रागावली नाही. “उद्यापासून बाळाला पाठीशी बांधून न्यावं लागेल,” एवढंच म्हणाली. आणि वर्षभर मथुरा तशीच, उन्हापावसात, बेटापलीकडे जात राहिली.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, जे हळू का होईना पुढे जात आहे, त्याला आपल्या काळजीचा धक्का देऊ नये.